हलालची सुरुवात सुरीपासून होत नाही

कोंबडी हा धार्मिक मासिकात चर्चा करण्याजोगा विषय आहे काय, असे एखाद्याला वाटेल. परंतु आपल्या घरांसाठी अल्लाहचे नाव घेऊन ज्या जिवाच्या मानेवर वारंवार सुरी फिरते, तो जीव हाच आहे. म्हणून एक प्रश्न स्वतःला विचारणे अगत्याचे ठरते. सुरी धारदार होती, ‘बिस्मिल्लाह’ म्हटले होते, रक्त पूर्ण वाहून गेले होते, एवढ्याने आपली जबाबदारी संपते काय? की त्या जिवाच्या जगण्याचाही हिशेब आपल्याकडे मागितला जाणार आहे?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आज दोन प्रकारच्या कोंबड्या आपल्या ताटात येतात. एक ब्रॉयलर. ती शेडमध्ये हजारोंच्या संख्येने वाढते आणि सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोची होऊन दुकानात पोहोचते. दुसरी गावठी. ती ठाकूर-कातकरी वाड्यांत आणि आपल्या मोहल्ल्यांतील परसांत दाणे टिपत फिरते. तिला त्याच वजनाच्या जवळपास जायलाही पाच-सहा महिने लागतात, म्हणून तिचा भावही चढा असतो. गावठी म्हणजे शुद्ध आणि ब्रॉयलर म्हणजे सदोष, असा समज आपल्यात रूढ आहे. त्यात तथ्य नाही असे नाही, परंतु तो पूर्ण सत्यही नाही.

पवित्र कुरआनने सूरह बकराच्या 168व्या आयतीत मानवांना जे अन्न खाण्यास सांगितले आहे, त्याला दोन विशेषणे लावली आहेत: हलाल आणि तय्यिब. हलाल म्हणजे अनुमत, तय्यिब म्हणजे स्वच्छ, उत्तम, मनाला निःशंक वाटणारे. आता उकिरड्यावर वाढणाऱ्या गावठी कोंबडीचा विचार करा. खोपोलीसारख्या कारखान्यांच्या शहरात किंवा नेरळसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या गावात तिच्या वाट्याला काय येते? उघडे गटार, प्लॅस्टिकने भरलेला कचरा, सडलेले मांस. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घाणीवर पोसलेल्या जनावराचे मांस खाण्यास व दूध पिण्यास मनाई केल्याची हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांनी नोंदविली आहे. अशा जनावराला ‘जल्लाला’ म्हणतात. हजरत इब्ने उमर (रजि.) तर अशी कोंबडी खाण्यापूर्वी तीन दिवस कोंडून ठेवीत व तिला स्वच्छ चारा देत.

याच्या दुसऱ्या बाजूला हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांचा प्रसंग आहे. त्यांच्या दस्तरखानावर कोंबडी होती आणि एक गृहस्थ हात आखडून बसले होते. कोंबडीला घाण खाताना पाहिल्यामुळे त्यांनी ती न खाण्याची शपथच घेतली होती. अबू मूसा यांनी त्यांना जवळ बोलावले आणि खुद्द प्रेषितांना (स.) आपण कोंबडी खाताना पाहिले आहे, असे सांगितले. ही नोंद सहीह बुखारीत आहे.

या दोन रिवायती एकमेकींच्या विरोधात नाहीत. पहिली आपल्या निष्काळजीपणाला आवरते, दुसरी आपल्या अतिरेकी संशयाला. कोंबडीने एखादी चोच घाणीत मारली म्हणून ती त्याज्य ठरत नाही. परंतु घाण हाच तिचा आहार होऊ दिला, तर दोष तिचा नाही, पाळणाऱ्याचा आहे. म्हणजेच ‘तय्यिब’ हा गुण कोंबडीच्या जातीत नसतो. तो तिच्या संगोपनात असतो.

हे संगोपन म्हणजे नेमके काय? ज्या स्त्रीने मांजरीला कोंडून मारले, तिच्याविषयीची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिने मांजरीला स्वतः खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-कीटक शोधून खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही, हा तिचा अपराध. या हदीसमध्ये पाळण्याचे दोन मार्ग सूचित झाले आहेत. कोंडायचे असेल तर पोसण्याचा भार आपल्यावर, आणि मोकळे सोडायचे असेल तर तिला खाण्याजोगे काही मिळेल अशा जागी सोडणे आपल्यावर.

कोकणी मुस्लिम समाज पिढ्यान्‌पिढ्या ज्या शाफई मसलकावर चालत आला, त्याच मसलकाचे थोर फकीह इज्जुद्दीन इब्ने अब्दुस्सलाम (मृत्यू इसवी सन 1262) यांनी जनावरांचे मानवावरील हक्क मांडून ठेवले आहेत. जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याच्यावर खर्च करावा. त्याला इजा करतील अशा जनावरांसोबत ठेवू नये. त्याची विश्रांतीची जागा चांगली राखावी. त्याच्या पिलांना त्याच्या डोळ्यांदेखत कापू नये. साडेसातशे वर्षांपूर्वीचे हे हक्क आपल्या परसात उतरवून पाहा.

विश्रांतीची जागा म्हणजे खुराडे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या मुसळधार पावसात जमिनीलगतचे ओलसर खुराडे म्हणजे रोगाला आमंत्रण होय. ते जमिनीपासून उंच असावे, आत बसायला आडवी काठी असावी, खाली भाताच्या तुसाचा कोरडा थर असावा आणि तो भिजताच बदलावा. इजा करणाऱ्यांपासून रक्षण म्हणजे मुंगूस, रानमांजर आणि साप शिरणार नाही असे दार, जे मगरिबपूर्वी न चुकता बंद व्हावे. खाणे म्हणजे गिरणीतील कोंडा, कण्या, भाजीचा पाला आणि दिवसभर माती उकरण्याची मोकळीक. अंगावरच्या उवा घालवण्यासाठी कोरड्या मातीत थोडी राख मिसळून ठेवली, की कोंबडी स्वतःच तिच्यात लोळून अंग साफ करते. आणि ती खुडूक झाली की अंगावर पाणी ओतून तिला उठवण्याऐवजी शक्य तेव्हा रवणीला बसू द्यावे. एकवीस दिवस ती जेमतेम खाण्या-पिण्यापुरती उठते. सूरह अनआमच्या 38व्या आयतीत जमिनीवरील प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. त्या आशयाचा प्रत्यय रवणीवरच्या कोंबडीकडे पाहून येतो.

येथे ‘नैसर्गिक’ या शब्दाविषयी सावध राहिले पाहिजे. ‘आमच्या कोंबड्या अगदी नैसर्गिक, काही औषध नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु मुंगूसही नैसर्गिकच आहे आणि मानमोडीही. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, आला की काही दिवसांत अख्खा मोहल्ला कोंबड्यांविना होतो. हळद-लसणाने तो विषाणू थांबत नाही. पिलांना पहिल्या आठवड्यात लसीचा थेंब आणि पुढे साधारण आठव्या आठवड्यात टोचणी, हाच त्यावरचा प्रतिबंध आहे. लसीची एक कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांपुरती असते आणि ती उघडल्यावर लवकर संपवावी लागते. म्हणून एकेकट्या घराला ती परवडत नाही. दहा-पंधरा घरांनी एकत्र येऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून एकच दिवस ठरवला, तर हे सहज शक्य आहे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण ज्यांना मिळाली आहे, त्यांनी हलगर्जीपणाला तवक्कुल म्हणू नये.

शेजाऱ्याचा हक्कही विसरता येत नाही. पहिल्या पावसात राबात भात पेरले जाते, तेव्हा मोकळ्या कोंबड्या एका सकाळी शेजाऱ्याचे कितीतरी बी उकरून खातात. ते पंधरा-वीस दिवस त्या आवारातच राहतील याची व्यवस्था करणे, हाही इबादतीचाच भाग समजा. दुसऱ्याच्या बियाण्यावर वाढलेले अंडे आपल्या मुलांना तय्यिब कसे होईल?

मग ज्याला परस नाही आणि गावठीचा भाव परवडत नाही, त्याने काय करावे? शरीअतच्या अटींनुसार जबह केलेली ब्रॉयलर हलाल आहे. तिला हराम ठरवण्याचा किंवा ती खाणाऱ्याला हलके लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु फतवा जेथे थांबतो, तेथून तकवा सुरू होतो. पिंजऱ्यांतील कोंबड्यांच्या हलाखीची दखल 2017 साली भारताच्या विधी आयोगाने आपल्या 269व्या अहवालात घेतली. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेले प्रतिजैविक कोंबड्यांना देण्यावर 2019 साली केंद्र सरकारला बंदी घालावी लागली. जे इतरांना बुद्धीने व कायद्याने जाणवले, ते आपल्याला तर आदेशानेच मिळाले आहे.

आपल्या हातात काय आहे ते पाहू. पाय बांधून, डोके खाली लोंबकळत मोटारसायकलवरून नेल्या जाणाऱ्या कोंबड्या आपण रोज पाहतो. दुकानात एकीच्या डोळ्यांसमोर दुसरी कापली जाते. सुरी बोथट झाली तरी गर्दीच्या वेळी तिला धार लावली जात नाही. प्रेषितांनी (स.) जबह करताना सुरीला धार लावण्याचा आणि जिवाला आराम देण्याचा आदेश दिला आहे; सहीह मुस्लिममध्ये तो हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्याकडून आला आहे. दुकानदार आपलाच बांधव असतो. त्याला नम्रपणे सांगा, एक पडदा लावा म्हणावे, धार तपासा म्हणावे. दहा गिऱ्हाइकांनी सांगितले तर तो ऐकेल. गरिबातल्या गरीब गिऱ्हाइकालाही एवढे करता येते.

कोंबडीला बोलता येत नाही, तक्रार करता येत नाही. तिचा मालक तिच्याशी कसा वागला, हे तिचा निर्माता तेवढे पाहतो. म्हणून हलालची सुरुवात सुरीपासून नव्हे, तर पिलू आपल्या अंगणात आले त्या दिवसापासून धरावी. अल्लाह आपल्या हाताखालच्या प्रत्येक जिवाची अमानत सांभाळण्याचे सामर्थ्य आपल्याला देवो आणि आपला घास हलालही करो व तय्यिबही. आमीन.