कमठाची धुनी आणि सेमाडोहची शेकोटी

जंगलात दोन रात्री काढल्या की मुलं कणखर होतात, असं शिबिरवाल्यांच्या पत्रकात छापलेलं असतं. हे इतकं सोपं असतं तर आमच्या देवगाव फाट्यावर एकही खचलेला माणूस दिसला नसता. एका अंगाला मंठा-जालना, दुसऱ्या अंगाला जिंतूर, तिसऱ्या अंगाला सेलू. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांची वाहनं या रस्त्यांवरून जातात. पुढचे चार-पाच महिने ती माणसं पाचटाच्या कोपीत राहतात, भुईवर झोपतात, पहाटेच्या गारठ्यात फडात उतरतात. पत्रकात साहस म्हणून जे जे मोजलेलं असतं, ते सगळं यांच्या पदरात आपसूक पडतं. त्यातलं कोण ताठ राहून परत येतं आणि कोण मोडून, हे फाट्यावर राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. घर सैतवाळ जैनांचं. भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं की देवळात तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतात. दहा दिवस, दहा अध्याय. नवव्या दिवशी परीषहांची यादी येते. भूक, तहान, थंडी, उष्णता, डास-माश्या, चालणं, बसणं, झोपायची जागा, कुणाचे शिव्याशाप, हवं ते न मिळणं, रोग, अंगाला टोचणारं गवत, मळ असे बावीस. लहानपणी मला ही यादी ऐकून हसू यायचं, कारण निम्मी तर आमच्या शेतातच होती.

पण या सूत्रांवर पूज्यपादांची ‘सर्वार्थसिद्धी’ नावाची टीका आहे. तिथे एक भेद केलाय, तो मला अजून सोडत नाही. जे आपोआप येऊन कोसळतं तो परीषह. जे आपण होऊन अंगावर घेतो तो कायक्लेश. थंडी दोन्हीकडे तीच, भूकही तीच. कायक्लेशाची गणना बाह्य तपात होते आणि त्याचा हेतूही सांगितलाय: देहाला दुःख सोसता यावं, सुखाची ओढ कमी व्हावी. म्हणजे सराव. परीषह मात्र सरावासाठी येत नाही.

आणि तिसरा एक कप्पा आहे, त्याला अकामनिर्जरा म्हणतात. मनात नसताना, इलाज नाही म्हणून सोसलेलं. टीकेतलं उदाहरण बंदिवानाचं आहे: कोंडलेला, बांधलेला, भूक-तहान मारणारा, भुईवर निजणारा, अंगावर मळ वागवणारा. शास्त्र त्याला वाऱ्यावर सोडत नाही, देवगती मिळते म्हणतं. मोक्ष मात्र नाही. तरुणपणी मला हे क्रूर वाटायचं. इतकं सोसून हातात काय, तर स्वर्गातली मुदतीची वस्ती! आता वाटतं, शास्त्रानं निदान खोटं तरी सांगितलं नाही. सक्तीनं सोसलेल्यातून माणूस मोकळा होतोच असं नाही.

मग जंगलातलं शिबिर कोणत्या कप्प्यातलं?

आमच्या शाळेची मुलं मेळघाटात गेली होती, सेमाडोहला. मंठा, मेहकर, अकोला, परतवाडा असा दिवसभराचा प्रवास, आणि पुढे घाट. पोटात ढवळलेली पोरं खिडक्या धरून बसलेली. परभणी जिल्ह्यात जंगल म्हणावं असं फार थोडं. जिंतूरच्या डोंगरातलं खुरटं सागवान पाहिलेल्या पोरांना मेळघाट म्हणजे वेगळा देशच. संध्याकाळी शेकोटीभोवती शिबिराच्या दादांनी नियम सांगितले: फोन नाही, पंखा नाही, गरम पाणी नाही, आपलं ताट आपण घासायचं. नववीतली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, “मंग ह्यात नवं काय हाय?” हसू पिकलं. तिचे आई-वडील फडावर होते. घरी ती, दोन भाऊ आणि आजी. तिच्या संमतिपत्रावर आजीचा अंगठा होता.

दुसऱ्या दिवशी सिपना नदी दोरीला धरून ओलांडायची होती. पाणी गुडघ्याएवढं. सगळे गेले, ही काठावर बसली. “मला न्हाई जायचं.” दादा समजावू लागले, मग आवाज चढला: भीती मारायची असते, हिंमत दाखव, सगळे बघतायत. मी मधे पडलो. म्हणालो, “राहू द्या, ती नाही म्हणतेय.” ते माझ्यावर नाराज झाले. त्यांच्या हिशेबात ती हरली होती.

मला तसं वाटलं नाही. घरी पाणी भर म्हटलं की भरायचं, भावाला सांभाळ म्हटलं की सांभाळायचं. तिथे नाही म्हणायची सोय नव्हती. इथे होती, आणि तिनं ती वापरली. नदी ओलांडणाऱ्यांत निम्मे तरी मागच्याच्या धक्क्यानं गेले असतील. स्वयंकृत म्हणावं असं त्या सकाळी कुणी काही केलं असेल तर तिनं, असं माझं मत आहे. सहकाऱ्यांना ते पटलेलं नाही.

जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या गुंफांत वाकून आत शिरावं लागतं. आत पार्श्वनाथ आहेत, डोक्यावर नागफणा. त्यांची कथा आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असते. कमठ नावाचा तापस चहूबाजूंनी धुनी पेटवून, माथ्यावर ऊन घेऊन पंचाग्नी साधत बसलेला. लोक दर्शनाला लोटलेले. राजकुमार पार्श्व तिथे येतो आणि म्हणतो, त्या ओंडक्यात नागाचं जोडपं जळतंय. ओंडका फोडतात तर खरंच. कमठाची तितिक्षा खोटी नव्हती, चटके त्यालाही बसतच होते. लाकडात काय आहे ते मात्र त्यानं पाहिलं नाही. अशा तपाला आमच्याकडे बालतप म्हणतात. साहसाची भाषा ऐकली की मला तो ओंडका आठवतो. १ फेब्रुवारी २०१६ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून सहलीची कागदपत्रं वाढली. कागदांना माझी हरकत नाही. ओंडका आधी फोडून बघण्याचाच तो सरकारी प्रकार आहे.

याचा अर्थ शिबिरं बंद करावीत असा नाही. १९४१ साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोवीला कुर्ट हान यांनी आउटवर्ड बाउंड सुरू केलं. त्यामागची हकिकत अशी सांगतात की बोट बुडाल्यावर तरणीताठी खलाशी पोरं आधी हाय खायची आणि मुरलेले वयस्क तगायचे. म्हणून आधी सराव. आपल्याकडे बाबा आमट्यांनी चंद्रपूरच्या सोमनाथला ऐन मे महिन्यात तरुणांची श्रमछावणी भरवली, जंगलाच्या कडेला, हातात कुदळ-फावडं देऊन. मला ती जास्त पटते, कारण तिथे घाम गाळून मागे काही उरतं. नदी दोरीनं ओलांडली तर मागे फोटो उरतो. पण तो माझा शेतकरी स्वभाव झाला.

परतताना प्रमाणपत्रं वाटली. आता गंमत बघा: बावीस परीषहांत एकोणिसावा सत्कार-पुरस्कार आहे. मान मिळाला तर फुगायचं नाही, न मिळाला तर झुरायचं नाही. थंडी-भुकेच्या पंगतीला बसवलाय तो. दोन रात्री थंडीत काढून पोरं शेवटी या एकोणिसाव्यात अडकली. गाडीत प्रमाणपत्रांवरून भांडणं झाली, कुणाचं नाव चुकलं म्हणून रडारड झाली. त्या मुलीला मिळालं नाही. ती खिडकीशी बसून पेरू खात होती. तिला वाईट वाटलं की नाही, मी विचारलं नाही.

यंदाच्या संमतिपत्रात मी एक ओळ वाढवलीय: विद्यार्थ्याची स्वतःची सही, आणि प्रत्येक प्रकारापुढे हो किंवा नाही. मुख्याध्यापक म्हणाले, “मग निम्मी पोरं नाहीच म्हणतील.” म्हटलं, म्हणू द्या. आमच्या बाईंनी खरी अडचण काढली: “सर, जी हो म्हणतील आणि फी भरू शकणार नाहीत, त्यांचं काय? बावीसात याचनाही आहे ना?” आहे, चौदावी. फीसाठी पोरांना कुणापुढे हात पसरायला लावायचा नाही, एवढं ठरलंय. पैसे कुठून आणायचे यावर शनिवारी बैठक आहे.