छायाचित्रावर हक्क कोणाचा?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक वाद उपस्थित झाला, व तो अद्यापि मिटलेला नाही. मातोश्रींच्या अखेरच्या आजारातील काही छायाचित्रे आम्ही मोबाईलवर टिपली होती. इतर शेकडो चित्रांबरोबर तीही एका कंपनीच्या क्लाउडमध्ये ठेविली, आणि दूरदेशीच्या आप्तांस पाहता यावीत म्हणून त्या संग्रहाची लिंक कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर पाठविली. ती पाहून आमच्या धाकट्या भगिनीने एवढेच विचारले, "दादा, केस मोकळे असताना आई कधी चारचौघांसमोर आली नाही. हे फोटो सगळ्यांना दाखवायला तिला विचारलं होतंस का?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

चित्रे कोठे ठेवावीत हा प्रश्न आम्ही सुशिक्षित लोक केवळ काटकसरीचा समजतो. जेथे फुकट, तेथे बिऱ्हाड. ह्या फुकटेपणाचा इतिहास मात्र बोधप्रद आहे. गूगल फोटोजने 2015 साली अमर्याद चित्रे विनामूल्य ठेवू दिली. 1 जून 2021 पासून नवी चित्रे, ईमेलसह, 15 जीबींच्या मर्यादेत मोजली जाऊ लागली. 2004 साली निघालेल्या फ्लिकरने, मालकी बदलताच, 2018 साली विनामूल्य खात्यांवर 1000 चित्रांची मर्यादा जाहीर केली. ऑर्कुट तर 30 सप्टेंबर 2014 रोजी बंदच पडले. ह्याबद्दल आक्रोश करणारे पुष्कळ भेटतात. परंतु धर्मशाळेत उतरलेल्याने खोली आपल्या नावे लागली असे समजावे कशाला? कित्येक उत्साही तरुण इम्मिचसारखी मुक्त प्रणाली घरच्याच संगणकावर चालवितात. त्यात स्वामित्व खरे, पण डिस्क बिघडली किंवा घरात पाणी शिरले तर रडावयासही आपणच. म्हणून एक प्रत घरी व दुसरी अन्यत्र असावी, एवढे व्यवहारज्ञान पुरे.

परंतु हा सर्व विचार चित्र हरवू नये एवढ्यापुरताच झाला. भगिनीचा प्रश्न निराळा होता.

पूर्वी आमच्या घरी छायाचित्रांचा अल्बम कपाटात असे. पाहुणे आले म्हणजे मातोश्री तो स्वतः काढीत, शेजारी बसून पाने उलटीत, आणि एखादे पान दोन बोटांत धरून पुढच्यासह उलटून टाकीत. ते पान कोणते हे आम्हां मुलांस ठाऊक असे, पाहुण्यास नसे. लिंकेच्या शेजारी असे कोणी बसलेले नसते. ज्याच्या हाती ती गेली तो ती तिसऱ्यास देऊ शकतो. आणि कित्येक चित्रांच्या पोटात ती कोठे घेतली त्या जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. शाळेच्या गणवेशातील नातीचे चित्र हौसेने सर्वत्र पाठविणाऱ्या आजोबांस हे बहुधा माहीत नसते.

कायदा येथे फारसा साहाय्यास येत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क होय असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी ठरविले खरे. तथापि अंकीय व्यक्तिगत माहितीच्या 2023 च्या अधिनियमाने, एखाद्याने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर आपल्या कक्षेबाहेरच ठेविला आहे. हे योग्यच झाले. अल्बम उघडण्यास सरकारी परवाना कोण मागेल? मात्र कायदा उंबरठ्याशी थांबला म्हणजे आतला भार आमच्याच विवेकावर पडतो.

मृतास लज्जा नाही, असे कोणी म्हणेल. मग मृत्युपत्र आपण का पाळतो? उलट, भगिनीचे म्हणणे शेवटास नेले तर आजाऱ्याचे चित्रच काढू नये असे होईल, आणि ते आम्हांस मान्य नाही. कारण भगिनीचाच मुलगा परदेशी असतो. आजीच्या अंत्यदर्शनास त्यास येता आले नाही, आणि तिचे अखेरचे रूप त्याने पाहिले ते ह्याच चित्रांत.

लिंक आम्ही त्याच रात्री बंद केली. तत्पूर्वी कोणी किती प्रती उतरून घेतल्या हे समजण्यास आता मार्ग नाही. चार दिवसांनी भाच्याचा निरोप आला, "मामा, त्यातला निदान एक फोटो मला पाठवा." ते चित्र आम्ही कागदावर छापून घेतले, आणि त्यास पाठवावे की नाही हे तिने ठरवावे म्हणून पाकिटात घालून भगिनीकडे दिले. पाकीट तिच्या कपाटात आहे असे कळते.