नाताळातले मौन

आगमनकाळाचे रविवार सरत येतात तसतशी आपल्या घरांत दोन प्रकारची तयारी चाललेली असते. एक दिसते: गोठा, चांदणी, नेवऱ्यांचे डबे. दुसरी दिसत नाही. आखातातून सुटीवर आलेला थोरला आणि वाडीच्या वाटणीवरून अबोला धरलेला धाकटा एकाच पंगतीला बसणार, या विचाराने आईची झोप उडालेली असते. सासूची रीत आणि सुनेची नोकरी यांचा मेळ घालता घालता घर पंचवीस तारखेपूर्वीच थकून जाते. मग 'सणाच्या दिवशी तरी तो विषय नको' असे ठरते.

हे मौन धर्माला धरून आहे काय? मनात अढी ठेवून नाताळच्या शुभेच्छा देणे हा दांभिकपणा नव्हे काय? अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करावा, ही प्रभूची शिकवण आपण प्रवचनांतून वारंवार ऐकतो.

आम्हांला वाटते, वाद पुढे ढकलणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. ताटाशेजारी सात-बारा उघडून आजवर कोणाचे भले झाले आहे? भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा, असे म्हणणाऱ्या माणसाचा निवाडा करण्यास येशूनेही नकार दिला होता. परंतु एक गोष्ट तपासून पाहावी लागते. हे मौन पाळते कोण? पुष्कळ घरांत ते दरवर्षी एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते: सुनेच्या, नाहीतर आईवडिलांची सेवा करीत घरीच राहिलेल्या बहिणीच्या. तिने गिळलेल्या शब्दांवर उभ्या असलेल्या स्वस्थतेला शांती म्हणणे आम्हांला जड जाते.

नाताळानंतर लगेच पवित्र कुटुंबाचा सण येतो. १९६९ च्या सुधारित उपासना-दिनदर्शिकेने तो नाताळच्या अष्टकात आणला. तीन वर्षांच्या वाचनक्रमात एका वर्षी त्या दिवशी बारा वर्षांच्या येशूच्या हरवण्याचा प्रसंग वाचला जातो. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो, तेव्हा मरिया गप्प राहत नाही. आम्हा दोघांच्या जिवाला असा घोर का लावलास, असे ती सर्वांदेखत विचारते. त्याचे उत्तर त्या दोघांना समजले नाही, हेही लूकने लपवलेले नाही. ते न समजलेले उत्तर घेऊनच तिघे नाझरेथला परतली. मरियेने या साऱ्या गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या खऱ्या, पण त्या विचारून झाल्यावर.

तेव्हा चोवीस तारखेच्या आत कोणीतरी धाकट्याच्या दारी जाऊन यावे. वाटणी तिथे सोडवायची नाही. जानेवारीत कोणत्या दिवशी बसायचे, एवढेच ठरवायचे. आणि सुनेला, भांड्यांचा ढीग पडल्यावर नव्हे, आधीच निवांतपणे विचारावे, की यंदा तुला काय जमेल आणि काय जमणार नाही. नेवऱ्यांचे दोन डबे कमी भरले तरी चालतील.