साधेपणा कुणी कुणाला सांगावा?



भाषांतराची सेवा करताना कधी कधी एखादा साधा शब्द वाट अडवून उभा राहतो. काही महिन्यांपूर्वी 'शाश्वत' या शब्दाने माझी अशीच वाट अडवली. हिंदीत ज्याला 'टिकाऊ' म्हणतात, त्याला आपण मराठीत 'शाश्वत' म्हणतो. शाश्वत विकास, शाश्वत शेती, शाश्वत इमारत. पण आपल्या अध्यात्मग्रंथांत शाश्वत म्हणजे ज्याचा कधीच नाश होत नाही ते. तिथे देहसुद्धा नश्वर मानला आहे, मग विटा-सिमेंटच्या इमारतीची काय कथा! 'शाश्वत समाजमंदिर' असे लिहिताना माझा हात अडखळला.

माझी आतेबहीण झाशीला वास्तुकलेचे शिक्षण घेते. तिला फोन करून विचारले, "ताई, इमारत शाश्वत कशी असेल गं?" ती हसली आणि म्हणाली, "सुट्टीत इकडे ये. मीही याच प्रश्नात अडकले आहे."

परीक्षा संपल्यावर मी झाशीला गेले. तिथे जे पाहिले आणि ऐकले, ते आपल्यासमोर ठेवते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, बांधकामातली जाणकार नाही. पण प्रश्न बांधकामापुरता राहिला नाही, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

ताईचा आराखडा

नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी कुटुंबे आहेत. राणी लक्ष्मीबाईंचा विवाह जिथे झाला, ते गणेश मंदिर आत्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आत्याच्या घराचा तळमजला जुना आहे, जाड दगडी भिंती आणि चुना यांचा. वरचा मजला अलीकडचा, स्लॅबचा. ताईची खोली वर आहे. मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खोलीत सोडत राहतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवतो. खाली मात्र दुपारीसुद्धा बरे वाटते. पहिल्याच रात्री मी उशी घेऊन खाली आले.

ताईला कॉलेजसाठी एका गावाच्या समाजमंदिराचा आराखडा करायचा होता. तिने तो मोठ्या निष्ठेने केला होता. जोते स्थानिक दगडाचे. भिंती दाबविटांच्या, म्हणजे तिथल्याच मातीत थोडे सिमेंट मिसळून, यंत्रात दाबून, पाणी मारून पक्क्या केलेल्या विटांच्या. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, त्यामुळे कोळसा जळत नाही. वर कौले, चारी बाजूंनी रुंद ओसरी, उंचावर झरोके आणि छपराचे पाणी साठवायला टाकी. बुंदेलखंडात पाण्याचे दुर्भिक्ष नेहमीचे, म्हणून टाकीवर तिचा विशेष भर. हिशेब मला करायला दिला. २०० चौरस मीटर छप्पर, वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे १,६०,००० लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी १,२८,००० लिटर पाणी हाती राहते. आकडा पाहून मी थक्क झाले. एवढे पाणी आपण छपरावरून वाहून जाऊ देतो!

कक्कांचा प्रश्न

आराखडा घेऊन आम्ही गावात गेलो. पारावर दहा-बारा माणसे जमली. ताईने कागद पसरून सगळे नीट समजावले. एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सगळे 'कक्का' म्हणत होते, शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, "बिटिया, तू ज्या खोलीत राहतेस, तिचं छत कशाचं आहे?"

ताई म्हणाली, "स्लॅबचं, कक्का."

"आणि भिंती?"

"भट्टीच्या विटा, सिमेंटचा गिलावा."

कक्का म्हणाले, "आमचे वडील मातीच्या घरात गेले. आम्ही निम्मं आयुष्य दर पावसाळ्याआधी छप्पर शाकारण्यात घालवलं. आता कुठे गावात पक्की घरं येऊ लागली, तर तू पुन्हा माती घेऊन आलीस. पक्कं तुमच्यासाठी आणि माती आमच्यासाठी, असं का?"

कुणी रागावून बोलले नव्हते, म्हणूनच ते जास्त लागले. परतताना ताई आधी चिडली. "दाबवीट आणि कच्ची माती यातला फरकच त्यांना माहीत नाही," असे दोनदा म्हणाली. मग गप्प झाली. घर जवळ आल्यावर हळूच म्हणाली, "फरक त्यांना माहीत नसेल, पण प्रश्न बरोबर आहे."

दोन्ही बाजू खऱ्या

वाचकहो, इथे घाईने निकाल देऊ नये.

ताईचे म्हणणे खरे आहे. जगात दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड माणसाच्या हातून हवेत जातो, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या निर्मितीतून जातो. वीटभट्टीत शेताची वरची सुपीक माती भाजली जाते, ती पुन्हा शेतात येत नाही. आणि एवढे करून जी खोली मिळते, ती झाशीच्या उन्हात तापून निघते.

कक्कांचे म्हणणेही तितकेच खरे आहे. कच्चे घर म्हणजे गळती, विंचूकाटा, भिंत ढासळण्याची भीती आणि चारचौघांत कमीपणा. पक्के घर ही त्यांच्यासाठी केवळ हौस नाही, ती सुरक्षितता आणि प्रतिष्ठा आहे. ज्याने आयुष्यभर अभावाचा साधेपणा सोसला, त्याला आपण साधेपणाचे महत्त्व काय सांगावे?

खरा पेच इथेच आहे. अभाव आणि अपरिग्रह बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हीकडे थोडक्या वस्तू, साधी भिंत. पण अभाव लादलेला असतो आणि अपरिग्रह स्वतः निवडलेला असतो. स्वतःजवळ सगळे ठेवून आपण दुसऱ्याला अपरिग्रहाचा उपदेश केला, तर त्याच्या वाट्याला फक्त अभाव येतो. उपदेश कितीही शुद्ध असो.

ज्यांनी आधी स्वतः केले

दुसऱ्या दिवशी आम्ही ओरछ्याला गेलो. झाशीपासून ते अगदी जवळ, बेतवेच्या काठी. तिथल्या फूलबागेत 'सावन-भादों' नावाचे दोन उंच मनोरे आहेत. वरचा वारा पकडून तो खालच्या तळघरात नेण्यासाठी ते बांधलेले. राजघराण्यालाही उन्हाळा याच प्रदेशात काढायचा होता, म्हणून त्यांनी वाऱ्याचा विचार केला. तो 'गरिबांसाठीचा उपाय' नव्हता.

ओरछ्यातच 'ताराग्राम' आहे. डॉ. अशोक खोसला यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू केलेल्या 'डेव्हलपमेंट ऑल्टरनेटिव्ह्ज' या संस्थेचे हे केंद्र. दाबविटा, पातळ काँक्रीटची कौले, हातकागद अशी कामे तिथे उभी राहिली. हातकागदाच्या कामातून गावच्या स्त्रियांना रोजगार मिळाला. आपल्याकडेही ओढ्याकाठी माजणारी बेशरमची झुडपे वाळवून, त्यांच्या वायूवर वीज तयार करण्याचा प्रयोगही तिथे झाला. मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते हे की, संस्थेने स्वतःच्या इमारतीही याच पद्धतींनी बांधल्या. जे लोकांना सुचवायचे, त्याच छपराखाली स्वतः बसायचे.

तिथून परतताना मला आपल्या महाराष्ट्रातले सेवाग्राम आठवले. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या त्या गावी, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. आपल्यासाठी जे घर बांधायचे, त्यावर शंभर रुपयांहून अधिक खर्च करू नये आणि सामान व मजूर गावचेच असावेत, अशी त्यांची अट होती. माती, बांबू, लाकूड, कौले, एवढ्यावर ते काम झाले. ज्यांच्यासाठी देशातला कोणताही बंगला उघडा झाला असता, ते मातीच्या भिंतीला पाठ टेकून बसले. म्हणून त्या भिंतीत कुणाला कमीपणा दिसला नाही.

लॉरी बेकर यांची गोष्ट अशीच. १९१७ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जन्मलेले हे वास्तुविशारद मुंबईत गांधीजींना भेटले. आदर्श घर हे पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून उभे राहावे, हा विचार त्यांनी त्यांच्याकडून घेतला आणि पुढे केरळमध्ये आयुष्यभर आचरला. विटा अशा रचायच्या की भिंतीत पोकळी राहून विटाही वाचतील आणि उष्णताही अडेल. स्लॅबच्या ज्या भागात काँक्रीटवर भार येत नाही, तिथे जुनी कौले भरून सिमेंट वाचवायचे. तिरुवनंतपुरममधले त्यांचे स्वतःचे घरही असेच, खडकाळ टेकडीवर, दगड आणि जुन्या सामानातून हळूहळू वाढलेले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर ते तिथेच राहिले.

ताईने काय बदलले

या सगळ्यानंतर ताईने आराखडा फाडून टाकला नाही, पण तीन गोष्टी केल्या.

पहिली, आपले अभ्यासाचे टेबल खालच्या जुन्या खोलीत आणले आणि वरच्या गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला. गोष्ट लहान, पण सुरुवात स्वतःपासून झाली. आत्या गंमतीने म्हणाली, "तुझ्या आजीने हेच सांगितलं होतं, तेव्हा तुला वरची खोली हवी होती."

दुसरी, पुढच्या खेपेला ती नुसता कागद घेऊन गेली नाही. दोन विटा घेऊन गेली, एक नुसत्या मातीची, एक दाबवीट. दोन्ही पारावरच पाण्याच्या बादलीत टाकल्या. नुसत्या मातीची वीट विरघळून चिखल झाली. दाबवीट दुसऱ्या दिवशीही तशीच होती. कक्कांनी ती काठीने ठोकून पाहिली, मग हातात घेऊन दोनदा उलटीपालटी केली.

तिसरी गोष्ट माझ्या विषयातली होती. आम्ही एक नवा तक्ता केला. हिशेबात आम्ही घसारा शिकतो, म्हणजे वस्तूची किंमत दरवर्षी किती उतरते ते. पण इमारत बिघडल्यावर ती कोण दुरुस्त करणार, यासाठी ताळेबंदात रकाना नसतो. आम्ही तो घातला. कौल फुटले तर गावातला माणूस शिडी लावून बदलेल. स्लॅबला वर्षानुवर्षे हात लावावा लागणार नाही, पण आतली सळई गंजली तर शहरातून कंत्राटदार आणावा लागेल. दोन्हींचे फायदे-तोटे लपवाछपवी न करता लिहिले आणि खाली ताईने एक ओळ घातली, "निर्णय गावाचा."

कक्का काय म्हणाले? त्यांनी लगेच मान डोलावली नाही. म्हणाले, "आधी अंगणवाडीची एक खोली बांधून बघू. दोन पावसाळे काढू दे तिला. मग मोठ्याचं बोलू." ताईला हे उत्तर कॉलेजच्या गुणांपेक्षा मोठे वाटले. ती खोली होईल की नाही, पैसा कुठून येईल, हे अजून ठरायचे आहे. पण यावेळी उपदेश करायला कुणी गेले नव्हते आणि ऐकून घ्यायलाही कुणी बसले नव्हते. सगळे मिळून विचार करत होते.

शाश्वत काय?

परतीच्या गाडीत मी त्या अडलेल्या शब्दाकडे पुन्हा वळले. भिंत शाश्वत नसते. दगडाची असो वा मातीची, काळ तिला नेणारच. पण भिंत खचली तर ती आपली मानून पुन्हा उभी करणारे हात एका पिढीने दुसऱ्या पिढीला दिले, तर इमारत टिकते. असे हात लादलेल्या वस्तूसाठी पुढे येत नाहीत. जे आपण होऊन स्वीकारले, त्याचीच निगा माणूस प्रेमाने राखतो. म्हणून आता मी 'शाश्वत समाजमंदिर' असे निःशंक मनाने लिहिते. त्यातली शाश्वतता विटांत नाही, आपलेपणात आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण कुठे ना कुठे सेवाकार्याशी जोडलेले असतात. कुणी गावात सभागृह उभारायला हातभार लावतो, कुणी शाळेची खोली, कुणी पाणपोई. पुढच्या वेळी असे काम हाती घेण्यापूर्वी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारूया. जे मी दुसऱ्यासाठी चांगले म्हणतो, ते माझ्या घरात आहे का? ज्यांच्यासाठी बांधतो, त्यांना 'नको' म्हणण्याची मोकळीक आहे का? आणि कोनशिलेवरचे नाव पुसट झाल्यावर ही वास्तू कोण सांभाळील?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर निराश होऊ नये. माझेही तेच आले. घरी परतल्यावर मी बाबांना म्हटले, "यंदा गच्चीला चुना मारूया." ते म्हणाले, "ब्रश तू धरणार असशील तर मारू."

मी धरला. सुरुवात तेवढीच आहे.