समज आणि सूट

आजारी माणसाचा राग धरू नये, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. ताप डोक्यात गेला, माणूस बरळला, शिव्या दिल्या, तरी घरचे ते मनावर घेत नाहीत. पण ताप चार दिवसांचा असतो. दुखणं वर्षानुवर्षांचं असेल, आणि ज्या डोक्यातून राग निघतो त्या डोक्यालाच झालेलं असेल, तर काय करायचं? आमच्या घरात हा प्रश्न तीन वर्षं झाली, आठवड्यातून एकदा तरी निघतोच.

माझ्या पुतण्याचा थोरला मुलगा अकरा वर्षांचा असताना ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून डांबरी रस्त्यावर पडला. कपाळ आपटलं. मेंदूला सूज आली म्हणून डॉक्टरांनी कवटीचं तळहाताएवढं हाड काढलं आणि ते चांगलं राहावं म्हणून त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवून टाके घातले. गावात कुणाचा विश्वास बसेना. तीन महिन्यांनी ते हाड परत जागेवर बसवलं. अठरा दिवस पोरगं शुद्धीवर नव्हतं. नाकातून नळी, गळ्याला भोक. पुतण्यानं ओढ्याकडचं वीस गुंठे रान विकलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. रान एकदाच विकावं लागलं, बाकीचं सगळं रोज करावं लागतं.

मान धरणं, बसणं, उभं राहणं, सगळं तान्ह्या पोरासारखं पहिल्यापासून आलं. उजव्या हातात अजून पुरता जोर नाही. गंमत म्हणजे बे एके बे धडाधडा म्हणायचा, पण पाणी पाहिजे असलं तर 'पाणी' हा शब्द सापडायचा नाही. घरात कामं वाटली गेली. पहाटेचा व्यायाम आईकडे, बांधापर्यंत चालवणं आमच्या दादाकडे, वाचन माझ्याकडे. मी दहावी शिकलेला, पण बाराखडीला तेवढं पुरतं.

पहिल्यांदा त्यानं आजीला शिवी दिली तेव्हा वहिनी आनंदानं रडली. पोरगं बोललं! गल्लीत साखर वाटली. पुढच्या वर्षी त्यानं धाकट्या बहिणीच्या डोक्यात पितळी तांब्या मारला, कारण काय तर तिनं टीव्हीचा आवाज वाढवला. पोरीच्या कपाळाला हे एवढं टेंगूळ. हे पोरगं आधी मुंगीसुद्धा मारत नव्हतं.

"त्येला काय कळतंय? डोक्याला लागलंय त्येच्या," वहिनी म्हणाली.

सून पोरीच्या कपाळाला हळद लावत होती. म्हणाली, "आत्या, कळत न्हाय म्हणून सोडत गेलो तर त्येला कधीच कळायचं न्हाय. त्यो माफी मागंल. आज न्हाय तर उद्या मागंल."

वहिनीला सून दगडाच्या काळजाची वाटली. भावकीतल्या बायकांनाही वाटली.

डॉक्टरांचं म्हणणं वहिनीच्या बाजूचं दिसत होतं. कपाळामागचा मेंदू ब्रेकचं काम करतो, तिथंच मार बसलाय, राग हा दुखण्याचाच भाग आहे, असं ते म्हणाले. त्यांनीच अमेरिकेतल्या फिनिअस गेजची गोष्ट सांगितली, मग मी ती मिळवून वाचली. हा रेल्वेच्या कामावर मुकादम होता. 1848 साली सुरुंग ठासताना लोखंडी पहार त्याच्या गालाखालून शिरून डोक्यातून पार गेली. तरी जगला, पण स्वभाव पालटला. शिवराळ झाला, जुन्या कामावर त्याला परत घेईनात. एवढंच सगळे सांगतात. पुढचं फार कुणी सांगत नाही. हाच माणूस नंतर चिली देशात जाऊन काही वर्षं घोडागाडी हाकत होता. सहा घोडे, उतारू, ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता. नुसत्या बिघडलेल्या माणसाच्या हातात इतके दिवस कुणी लगाम देईल का? कुणीतरी त्याच्यावर भरवसा टाकला असणार, आणि चुकला तर जाबही विचारला असणार. हा माझा तर्क. पण बैल राखलेल्या माणसाला हे पटायला जड जात नाही.

आमच्या बैलाला मात्र आम्ही माफी मागायला लावत नाही. बैलानं शिंग मारलं तर आपण दावं आखूड करतो. माणसाकडून 'चुकलं' ऐकायचं असतं, कारण त्याला आपण आपल्यातला धरतो. सगळं माफ केलं की तो आपल्यातून उठला, खाऊन-पिऊन सुखी, पण वेगळा बांधलेला. वहिनीची माया खरी, पण तिचा शेवट गोठ्यात होतो. हे मी तिला तोंडावर बोललो नाही, बोलू शकतही नाही.

तरी सुनेचंही सगळंच खरं, असं नाही. काही दिवस असे येतात की जाब विचारणं हाच अन्याय होतो. लग्नातला बँड, न झालेली झोप, पाहुण्यांची गर्दी, असं झालं की त्याचा मेंदू दमतो. दमला की तो उजवा कान चोळायला लागतो. हे आधी आईनंच हेरलं. कान चोळायला लागला की त्याला उठवून विहिरीकडं न्यायचं, हे काम घरच्यांचं. नेलं नाही आणि मग त्यानं ताट फेकलं, तर त्यातलं त्याचं किती आणि आमचं किती?

अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्के असतात. 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार दिलेत, चाळीस टक्क्यांच्या पुढं सवलती. हात किती चालतो, पाय किती चालतो, ते मोजून लिहितात. रागातले किती टक्के दुखण्याचे आणि किती पोराचे, हे कुठला बोर्ड लिहून देणार? ते रोज चुलीपुढं बसून ठरवावं लागतं, आणि दर वेळी बरोबर ठरतं असंही नाही.

या भांडणात पोरीचं कुणी धरतच नव्हतं. ती नऊ वर्षांची. एकदा तिनंच विचारलं, "त्यो आजारी हाय म्हणून मी मार खायचा व्हय?" पुतण्या उठून बाहेर गेला. वहिनीनं तिला जवळ ओढलं, पण उत्तर दिलं नाही.

माफीला सहा दिवस लागले. तीही धड नव्हती. 'चुकलं' शब्द सापडेना, तेव्हा त्यानं आपल्या ताटातला गूळ डाव्या हातानं तिच्या ताटात ठेवला. सुनेनं तेवढं चालवून घेतलं नाही. शब्द ये-येपर्यंत ती बसून राहिली, आणि भाकरी गार झाली.

गेल्या दिवाळीत त्यानं तिचा आकाशकंदील फाडला. पोरीनं सरळ त्याच्या पाठीत धपाटा घातला. वहिनी ओरडली, "अगं, आजारी भावाला मारतीस?" पोरगं थोडा वेळ बघत राहिलं आणि हसलं. सुनेनं दोघांना दोन कोपऱ्यांत बसवलं, सारख्याच वेळासाठी, आणि चकल्या तळायला गेली.