खोल खड्ड्याचा भरवसा

अणुकचऱ्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘खोल पुरून टाका, मिटला प्रश्न!’ नावड्यात बसून हे ऐकवत नाही. शेजारीच तळोजे एमआयडीसी आहे आणि तिथे कारखान्यांचा घातक कचरा माती-प्लास्टिकच्या अस्तरांत पुरणारी क्षेपणभूमी. पुरणं वेगळं आणि निस्तरणं वेगळं, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

तारापूरच्या अणुकेंद्राची रीत उलटी. पुनर्प्रक्रियेतून उरलेला तीव्र किरणोत्सारी द्रव बोरोसिलिकेट काचेत बंदिस्त करून पोलादी डब्यांत भरतात आणि हवेने थंड होणाऱ्या कोठारात देखरेखीखाली ठेवतात. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९८०च्या दशकात खोल पुरण्याची चाचपणी म्हणून सुमारे १००० मीटर खोलीवर खडक तापवून प्रयोगही झाले. कायमची जागा मात्र अजून ठरलेली नाही.

‘पुरून टाका’वाल्यांनी जर्मनीतली आसे खाण पाहावी. १९६७ ते १९७८ या काळात त्या जुन्या मिठाच्या खाणीत अणुकचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपं उतरवली गेली. खाणीत पाणी शिरू लागलं आणि २०१३मध्ये सगळं बाहेर काढण्यासाठी कायदा करावा लागला. म्हणजे राखणंच बरं?

पण राखणार कोण, आणि किती पिढ्या? सीझियम-१३७ तीस वर्षांत निम्मं होतं, प्लुटोनियम-२३९ला सुमारे २४,००० वर्षं लागतात. नाणेघाटातला सातवाहनांचा ब्राह्मी लेख जेमतेम दोन हजार वर्षांचा; तरी मधली कित्येक शतकं तो वाचता येणारं कुणी उरलं नव्हतं. धोक्याची पाटी तरी कुठल्या लिपीत लिहायची?

तेव्हा शेवटी भिस्त खडकावरच ठेवावी लागते, हे मान्य करायला हवं. फिनलंडने अणुकचऱ्यासाठी ओल्किलुओटोच्या प्राचीन खडकात ४०० मीटरहून खोल बोगदे खोदले आहेत. आपला सह्याद्रीचा कातळ तसा नाही: लाव्ह्याचे थरावर थर, मध्ये भेगा, भेगांतून झिरपणारं पाणी. शिवाय १९६७चा कोयनेचा भूकंप आहेच.

आणि इथे मुद्दा नावड्याच्या दारात येतो. किरणोत्सार निदान काळाबरोबर घटतो. औद्योगिक गाळातलं शिसं किंवा पारा हजार वर्षांनीही शिसं आणि पाराच राहतो. तरी अणुकचऱ्यासाठी लाखो वर्षांचा हिशोब मांडायचा आणि रासायनिक क्षेपणभूमी बंद झाल्यावर तीस वर्षं देखभाल पुरेशी मानायची! जर्मनीने हेर्फा-नॉयरोडेच्या मिठाच्या खाणीत १९७२पासून रासायनिक कचरा खोल भूगर्भात ठेवला आहे. भारतात अणुकचऱ्यासाठी खडक तपासले जातील, तेव्हा तळोज्यातल्या पाऱ्या-शिशाच्या गाळासाठीही त्याच कसोटीने जागा शोधली पाहिजे.