निश्चितीच्या आधीचे कर्तव्य

हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू जगातल्या बहुसंख्य माणसांच्या शरीरात आयुष्यभर मुक्काम करून असतो. एरवी तो ओठांवर फोड उठवतो, आठवड्याभरात ते सुकतात आणि विषाणू पुन्हा मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन निद्रिस्त होतो. क्वचित तो मेंदूत शिरतो, आणि तेव्हा उपचाराविना दहांपैकी जवळजवळ सात रुग्ण दगावतात.

जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकी करताना असे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांतले एक प्राथमिक शिक्षक होते. दोन-तीन दिवसांचा ताप, मग असंबद्ध बोलणे. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, काल रात्रीपासून हे मला ओळखतच नाहीत. शाळेतल्या बाई समजून बोलतात.” घरातल्या वडीलधाऱ्यांना बाहेरच्या बाधेची शंका होती. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. कानशिलाच्या आतल्या बाजूचा मेंदूचा जो भाग स्मृती आणि भावना सांभाळतो, नेमका तोच हा विषाणू ग्रासतो. त्यामुळे रोगाचे पहिले रूप पुष्कळदा स्वभाव पालटल्याचे असते.

अशा वेळी वैद्यापुढे उभा राहणारा प्रश्न ज्ञानाचा असतो, त्याहून अधिक काळाचा असतो. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल शहरातून यायला वेळ लागतो, आणि आजाराच्या आरंभी तो फसवा, म्हणजे विषाणू असूनही नकारार्थी, येऊ शकतो. निश्चिती होईपर्यंत थांबावे, की केवळ संशयावर औषध सुरू करावे?

या प्रश्नाचे उत्तर एकेकाळी आजच्याइतके सरळ नव्हते. 1977 साली अमेरिकेत रिचर्ड व्हिटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विडाराबिन हे औषध या मेंदूज्वरात मृत्यू कमी करते असे दाखवले. पण ते पाण्यात फार कमी विरघळे, म्हणून सुजलेल्या मेंदूच्या रुग्णाला भरपूर सलाईन द्यावे लागे. शिवाय त्याचे विषारी परिणामही होते. असे औषध निव्वळ संशयावर देणे कठीण. म्हणून कवटीला छिद्र पाडून मेंदूचा तुकडा तपासण्याचा मार्ग तेव्हाच्या वैद्यांनी अवलंबला. त्यांच्या त्या कठोर काटेकोरपणाविषयी मला आदरच वाटतो.

असायक्लोविरने ही परिस्थिती पालटली. बरोज वेलकमच्या प्रयोगशाळेत हॉवर्ड शेफर यांनी हे द्रव्य घडवले, आणि गर्ट्रूड एलियन यांच्या गटाने त्याचे कार्य उलगडले. ते आपल्या पेशींत बव्हंशी निष्क्रिय राहते. विषाणू स्वतःच्या वाढीसाठी थायमिडीन कायनेज नावाचे एक विकर तयार करतो. तेच विकर या औषधाला जागे करते, आणि जागे झालेले औषध विषाणूच्या डीएनएची साखळी पुढे वाढूच देत नाही. कुलूप उघडण्याची किल्ली शत्रूच्याच हाती असावी, तशी ही रचना आहे. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत विडाराबिन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण 54 टक्के, तर असायक्लोविर घेणाऱ्यांत 28 टक्के आढळले.

परंतु या संशोधनाचे खरे देणे मला टक्केवारीपलीकडचे वाटते. औषध सुरक्षित झाले आणि थांबण्याचे समर्थन संपले. ते शिरेतून तासभर सावकाश दिले, शरीरात पाणी पुरेसे राखले, तर मूत्रपिंडाला होणारा धोकाही बराचसा टाळता येतो. मग संशय हाच उपचाराचा पुरेसा आधार ठरतो. निदान खोटे ठरले तर औषध थांबवता येते. प्रयोगशाळेतल्या एका रासायनिक विवेकाने रुग्णाच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या माणसाचे कर्तव्य बदलले. एलियन यांच्या वाग्दत्त वराचा मृत्यू 1941 साली हृदयाच्या जंतुसंसर्गाने झाला. त्यावरचे पेनिसिलिन काही वर्षांनी सर्वत्र मिळू लागले. उशिरा येणाऱ्या औषधाचे दुःख त्यांना ठाऊक होते.

त्या शिक्षकांना पहिली मात्रा त्याच रात्री दिली. ते वाचले. जुने धडे त्यांना आजही मुखोद्गत आहेत. सकाळी घरी कोण येऊन गेले ते मात्र दुपारी आठवत नाही. 1986 च्या त्याच अभ्यासात असायक्लोविर मिळालेल्यांपैकी अवघे 38 टक्के रुग्ण सहा महिन्यांनी पूर्ववत जीवन जगत होते. औषध विषाणूची वाढ रोखते. तोवर जळालेले परत आणत नाही, आणि निद्रिस्त विषाणूला तर स्पर्शही करत नाही, कारण झोपेत तो ते विकर तयारच करत नाही. विषाणूच्या दुसऱ्या विकरांना लक्ष्य करणारी औषधे आता घडत आहेत, निद्रिस्त डीएनएच कापून टाकण्याचे प्रयोग उंदरांत झाले आहेत. त्या शोधांची मी आस्थेने वाट पाहतो. आमच्या वॉर्डात मात्र ताप आणि पालटलेले वर्तन घेऊन येणाऱ्या माणसासाठी आवश्यक असलेले औषध कपाटात आहे, आणि ते देण्यासाठी अहवालाची गरज नाही.